दिसतं तसं नसतं : घोणस, फुरसे आणि त्यांचे तोतये



गेल्या हंगामातली गोष्ट. मांजरीला नदीकाठच्या एका फडावर आम्ही तोडणी पाहायला गेलो होतो. मांजरी हे नाव ऊसवाल्यांना नवे नाही. राज्यातल्या सहकारी कारखान्यांनी १९७५ साली इथेच आपली साखर संस्था उभी केली. पुढे तिला वसंतदादांचे नाव लागले. आपल्यापैकी किती तरी सभासद तिथे प्रशिक्षणाला जाऊन आले आहेत. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेली. इमारती वाढल्या, तरी मुळा-मुठेच्या काठाने अजून काही फड तग धरून आहेत.

टोळी पुढे मोळ्या बांधत होती. मागे शेतमालकांचा मुलगा पाचट सारून बुडखे मोकळे करत होता. पोरगा हुशार, नुकताच बारावी झालेला. एका सरीत पाचट उचलले तर खाली वेटोळे. जाडजूड, तपकिरी, अंगावर काळपट ठिपके. आम्ही दोन पावले मागे सरलो. पोरगा मात्र वाकला.

"घाबरू नका साहेब, डुरक्या आहे हा. बिनविषारी असतो. मोबाईलवर बघितलाय मी," असे म्हणत त्याने शेपटीकडे हात नेला.

"हात मागं घे रं!" मुकादम ओरडलेच आणि त्यांनी पोराचा दंड धरून त्याला मागे खेचले. त्याच क्षणी वेटोळे फुगले आणि कुकरची शिट्टी व्हावी तसा फूत्कार निघाला. एकदा नाही, लागोपाठ. ती डुरक्या नव्हती. ती साडेतीन फुटांची घोणस होती.

खरे सांगायचे तर पहिल्या नजरेला आम्हालाही तो डुरक्याच वाटला होता. वीस वर्षे रानोमाळ फिरून आमची ही गत, मग मोबाईलवर पाहिलेल्या पोराला काय बोलणार? बीड भागातून आलेल्या त्या मुकादमांना विचारले, "तुम्ही कशावरून ओळखलंत?" ते म्हणाले, "वळखायला थांबलोच न्हाई साहेब. वळखेपस्तोर हात जातो."

हे वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही. म्हणून हा लेख.

घोणस आणि डुरक्या घोणस

साप दिसायला सारखे असले म्हणजे एका कुळातले असतात असे नाही. घोणस, फुरसे आणि सह्याद्रीतला हिरवा चापडा हे एका कुळातले. या कुळाचे विषारी दात लांब असतात आणि एरवी ते जबड्यात मिटलेले असतात. आपण खिशातला चाकू मिटून ठेवतो, तसे. तोंड उघडले की चाकू उघडतो. नाग आणि मण्यार यांचे कूळ वेगळे. त्यांचे विषदात आखूड आणि पुढे पक्के बसवलेले. घोणस-फुरश्याच्या विषाचा मुख्य घाला रक्तावर, तर नाग-मण्यारीच्या विषाचा मज्जातंतूंवर.

डुरक्या घोणस या दोन्ही कुळांतली नाही. ती मांडुळाची भावकी. विष नाही, विषदात नाहीत. उंदराला विळखा घालून मारते. पण जाड अंग, मातकट रंग आणि पाठीवरचे डाग यामुळे लोकांनी तिच्या नावातच घोणस घातली आहे.

फरक असा. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या लांबट गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. एक मधोमध, दोन कडेने. ठिपक्याला काळी कड असते. डोके त्रिकोणी, मान बारीक. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. डोके आणि मान जवळजवळ सारख्याच जाडीची. शेपूट एकदम आखूड, बोथट निमुळती आणि हाताला खरखरीत. लांबी सहसा दीड-दोन फूट.

वाचायला सोपे आहे. पण पाचटात साप असा सरळ पसरून डोके-मान दाखवत बसत नाही. वेटोळे घातलेले, निम्मे अंग झाकलेले, त्यात सकाळचे धुके नाहीतर संध्याकाळचा अंधार. घोणशीचे पिल्लूही डुरक्याएवढेच दिसते आणि ते जन्मल्या दिवसापासून विषारी असते. घोणस अंडी घालत नाही, पिल्ले देते, आणि एका वेळी वीस-चाळीस पिल्लेही होतात. पावसाळ्याच्या तोंडाला एका बांधावर एक पिल्लू दिसले तर आणखी असतील, हे धरून चाला.

दुसरी चूक अजगराची. "अजगराचं पिल्लू सापडलं" म्हणून घोणस गळ्यात घालायला निघालेली माणसे आहेत. अजगराचे अंग गुळगुळीत, तुकतुकीत असते आणि डाग वेडेवाकडे, आकाराने मोठे. पण सभासद बंधूंनो, ही खूण तपासायला हात लावायचा नाही. हात लावून जी ओळख पटते ती उपयोगाची नाही.

मोटारीच्या खोलीतला मांजऱ्या

आता आमच्या स्वतःच्या चुकीबद्दल. सहा-सात वर्षांपूर्वी एका सभासदांच्या मोटारीच्या खोलीत आम्ही उभे होतो. स्टार्टरच्या पेटीमागून एक बारीक साप निघाला. डोके त्रिकोणी, पाठीवर पांढरट नागमोडी नक्षी. अंग आवळून, मान मागे घेऊन तो पुन्हा पुन्हा झेपावू लागला. घरातल्या बाई ओरडल्या, "फुरसं! फुरसं!" आम्हीही म्हणालो, "मारा." दोन काठ्यांत काम संपले.

नंतर गावातले सर्पमित्र आले. त्यांनी मेलेला साप काडीने सरळ केला आणि म्हणाले, "साहेब, हा मांजऱ्या आहे. खोलीतल्या पाली खायला आला होता."

मांजऱ्या आणि मांजरी, नावाचा हा नुसता योगायोग. या सापाचे डोळे मोठे आणि बुबुळ मांजरासारखे उभे, म्हणून मांजऱ्या. याला थोडे विष असते, पण विषदात जबड्याच्या मागच्या बाजूला. पाल, लहान पाखरू पकडून चावत मागे नेले की मग विष लागते. माणसाच्या जिवाला त्याचा धोका नाही. चावला तर थोडी सूज, थोडी आग.

फुरसे जाडसर आणि आखूड, सहसा दीड-दोन फुटांच्या आत. त्याचे खवले करवतीसारखे. चिडले की इंग्रजी आठसारखे वेटोळे करून अंगावर अंग घासते आणि करकर आवाज येतो. डोक्यावर पाखराच्या पावलासारखी किंवा बाणासारखी पांढरट खूण. मांजऱ्या सडपातळ, खवले गुळगुळीत, शेपूट लांब, अंगाचा करकर आवाज नाही. फुरसे जमिनीवरचे, मुरमाड-खडकाळ रानातले, कोकणात फार. मांजऱ्या झुडपावर, छपरात, भिंतीच्या फटीत चढतो. पण डोक्यावर त्याच्याही खूण असते, इंग्रजी वायसारखी. घाबरलेल्या माणसाला बाण आणि वाय यांतला फरक कुठला दिसायला?

आमच्या हातून एक निरुपद्रवी साप मेला. वाईट झाले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे सापाला मारणे गुन्हाही आहे. पण याच्या उलट चूक झाली असती तर? फुरश्याला मांजऱ्या समजून कोणी उचलले असते तर? तोतयाला खरा समजले तर तोतयाचा जीव जातो. खऱ्याला तोतया समजले तर आपला.

सारखे दिसतात ते का?

पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. तोंडवळा जुळला म्हणून भलेभले फसले. १७७६ साली पुण्यात त्याला देहांताची शिक्षा झाली, पण तोवर दरबाराच्या जिवाला घोर होता. मांजऱ्याचे असेच. अंधारात खाकी सदरा दिसला की एस.टी.चा कंडक्टरही फौजदार वाटतो आणि चोर पळतो. फुरश्यासारखे दिसणाऱ्या, तसाच आव आणणाऱ्या सापाच्या वाटेला मुंगूस, घार दोनदा विचार करून जातात. त्याचा जीव वाचतो, पिढी पुढे जाते.

पण सारखे दिसण्याला दुसरेही एक कारण आहे. तालमीतल्या दोन पैलवानांचे कान सारखे मोडलेले आणि मान सारखी भरलेली असते. म्हणून काही ते सख्खे भाऊ नव्हेत. धंदा एक, म्हणून अंग एक. सापांत याचा सर्वांत ठळक दाखला ऑस्ट्रेलियात आहे. घोणशीच्या कुळातला एकही साप त्या खंडात नाही. पण जाड अंगाचा, त्रिकोणी डोक्याचा, पाचोळ्यात दबा धरून बसणारा एक साप तिथे आहे. त्याला डेथ ॲडर म्हणतात. ॲडर म्हणजे इंग्रजांच्या मुलखातला घोणशीच्या कुळातला साप. गोऱ्या वसाहतवाल्यांनी रूप पाहून नाव ठेवले. कूळ पाहिले तर तो निघाला नागाचा भाऊबंद. विष मज्जातंतूंवर जाणारे, श्वास बंद पाडणारे. त्यावर १९५८ साली वेगळी लस निघाली. तिच्याआधी दंश झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावत, असे सांगतात.

हा साप शेपटीचे टोक अळीसारखे हलवतो. अळी समजून बेडूक जवळ आला की संपला. आणि इथे या सापाच्या गोष्टीत आपला ऊस येतो. १९३५ साली क्वीन्सलँडच्या ऊसवाल्यांना हुमणीने हैराण केले होते. तोड म्हणून हवाई बेटांवरून सुमारे शंभर केन टोड, म्हणजे थोराड विषारी बेडूक, आणून वाढवले आणि फडात सोडले. बेडूक किडे खातो, तेव्हा हुमणीही खाईल, असा हिशेब. पण अळी जमिनीखाली आणि भुंगेरे उसाच्या शेंड्यावर. बेडूक दोन्हीकडे पोचेना. हुमणी राहिली ती राहिलीच, आणि बेडूक मात्र वाढत वाढत आज कोटींच्या घरात गेले. डेथ ॲडर त्यांना नेहमीचा बेडूक समजून गिळतो आणि त्यांच्याच विषाने मरतो. ज्या भागात हे बेडूक पोचले तिथे या सापांची संख्या घटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

फसवणारा सापच फसला. वरवरच्या दिसण्यावर हिशेब मांडला की तो साप असो की शेतकरी, किंमत मोजावी लागते.

पाचटावरचा आरोप

आता आमच्या खात्याचा विषय. खोडव्यात पाचट जाळू नका, असे आम्ही गट सभांत घसा कोरडा करून सांगतो. मांजरीच्या त्या प्रसंगानंतर एका सभासदांनी सभेत उभे राहून विचारले, "साहेब, तुम्ही म्हणता पाचट ठेवा. त्यात साप निघतात. उद्या माझ्या पोराला चावला तर कारखाना येणार का?"

प्रश्न रास्त आहे. उडवून लावण्यासारखा नाही. पाचटात सापाला आडोसा मिळतो, हे आम्ही कबूल करतो. पण साप पाचटाला येत नाही, उंदराला येतो. जाळलेल्या रानातही बांधावर उंदरांची बिळे राहिली तर घोणस बांधावर राहते. आणि काडी लावली की रानातले साप मरतातच असे नाही. निम्मे शेजारच्या फडात, गोठ्यात आणि कोपीत जातात. हेक्टरी आठ-दहा टन पाचट जळून जाते, जमिनीचा कस जातो, तो वेगळाच.

म्हणून पाचट ठेवायचेच, पण रीत बदलायची. बुडख्यावरचे पाचट हाताने नव्हे, दाताळ्याने किंवा लांब काठीने सरीत ओढावे. काठी आधी, पाय मागून, हात सर्वांत शेवटी. बुडखे छाटायला वाकण्याआधी पुढचे चार हात रान काठीने आपटून घ्यावे. पाचटावर टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. पाचट लवकर बसते आणि आडोसा कमी होतो. हे काम उन्हात करावे, तिन्हीसांजेला नाही.

रात्रीच्या लाईटला दारे धरायला जाणाऱ्यांनी गमबूट आणि बॅटरी यांशिवाय पाटावर पाऊल टाकू नये. गमबुटाची जोडी कितीला पडते आणि दवाखान्याचा एक दिवस कितीला, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. तोडणी मजुरांच्या कोप्यांत माणसे जमिनीवर झोपतात. तिथे मण्यार येते आणि झोपेतच चावते. बाज नसेल तर निदान मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचून घ्यावी. मुकादम मंडळींनी याकडे लक्ष द्यावे. टोळी आपल्याच रानात राहते. तिची काळजी आपलीच.

दंश झालाच तर

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यातली, आणि सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे, अशी योजना केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केली. पण दिल्लीतली योजना आपल्या बांधावर पोचेपर्यंत पहिला अर्धा तास आपल्याच हातात असतो.

या अर्ध्या तासात लोक काय करतात? साप शोधतात. "कुठला होता ते कळल्याशिवाय डॉक्टर काय करणार?" म्हणून चार जण काठ्या घेऊन फडात घुसतात. वेळ जातो आणि दुसऱ्या माणसाला दंश होतो.

मंडळी, डॉक्टरांना साप लागत नाही. ते रोग्याचे साधारण दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि वीस मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर घोणस किंवा फुरश्याचे विष भिनले असे समजतात. पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर नाग-मण्यारीचा संशय घेतात. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच आहे. परळच्या हाफकिनचे नाव या कामात जुने आहे. मांजऱ्या किंवा डुरक्या चावला असेल, तर लक्षणे वाढत नाहीत हे पाहून डॉक्टर लस देणारही नाहीत. लस विनाकारण देण्याची वस्तू नाही, तिचीही रिअ‍ॅक्शन येते. हा निवाडा दवाखान्यात व्हावा, बांधावर नाही. म्हणून एवढे करा :

१. माणसाला धीर द्या, पळू-चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, घड्याळ, जोडवी लगेच काढा.

२. चावलेला हात-पाय मोडल्यासारखा समजून फळी किंवा उसाच्या कांड्या लावून सैल बांधा. करकचून दोरी आवळू नका, रक्त थांबून पाय जातो.

३. चिरा देणे, चोखणे, लिंबाचा पाला चावायला देणे, मांत्रिकाकडे नेणे, यातले काही करू नका.

४. १०८ ला फोन करा. गाडी यायला उशीर दिसला तर मिळेल त्या वाहनाने लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या.

५. साप लांबून दिसला आणि फोटो निघाला तर ठीक. त्यासाठी थांबू नका, त्याच्यामागे जाऊ नका.

शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या राज्य योजनेतून वारसांना दोन लाख रुपयांची मदत मिळते. कागदपत्रांसाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मुदतीत जावे. माहिती म्हणून सांगितले. हा पैसा कोणाच्या घरात येण्याची वेळ न येवो.

ज्यांना साप नीट पाहायचे असतील त्यांनी कात्रजच्या सर्पोद्यानात जावे. नीलिमकुमार खैरे यांच्या खटपटीतून ते १९८६ साली उभे राहिले. याच खैरे यांनी १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत ७२ तास काढले. साप उगाच माणसाच्या मागे लागत नाही, हे लोकांना पटावे म्हणून. जाणत्याचे ते काम. आपण काचेच्या अलीकडून पाहावे.

मांजरीचा तो पोरगा परवा प्रशिक्षणाला आला होता. खोडव्यातले पाचट त्याने जाळले नाही. आम्ही विचारले, "आता साप ओळखता येतात का?" तो म्हणाला, "थोडे थोडे. पण लांबूनच ओळखतो. दाताळ्याचा दांडा सहा फुटांचा करून घेतलाय."

येत्या गट सभेला आम्ही तसे एक दाताळे घेऊन येणार आहोत. कोणाला मापाने करून घ्यायचे असेल त्यांनी गट ऑफिसात नाव नोंदवावे.

— ऊस विकास अधिकारी